भरलंच समजा

सासऱ्याला न आवडणारी गोष्ट सांगायची तर ती कुठे सांगावी, याचा धाकटीने बरेच दिवस विचार केला होता. घरात सांगावी तर मामंजी उठून बाल्कनीत जात आणि झाडांना पाणी घालू लागत, मग ती नुकतीच भिजलेली का असेनात. ऑफिसात सांगावी तर त्यांचा फोन वाजे, आणि नाही वाजला तरी ते तो वाजल्यासारखा कानाला लावत. राहता राहिलं विमान. विमानात माणूस पट्ट्याने बांधलेला असतो. दोघांच्या कानांवर हेडसेट असतात, त्यामुळे ऐकू आलं नाही असंही म्हणता येत नाही. एवढा बिनचूक बेत केल्यावर एकच गोष्ट तिच्या लक्षात यायची राहिली. तिथून तिलाही उठून जाता येणार नव्हतं.

सांगायचं होतं ते चार शब्दांचं. मला दुसरीकडे नोकरी मिळाली. मोठी कंपनी, मोठी विमानं, दुसरं शहर. पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं, पण तो दोन्ही डगरींवर हात ठेवून होता. तिला म्हणायचा, तू हो पुढे, मी येतो मागाहून. बापाला म्हणायचा, बाबा, तुम्ही कसली काळजी करता, मी आहे ना. आणि तिने फारच लावून धरलं की म्हणायचा, "तूच सांग त्यांना, तुझं ते ऐकतात." तिचं ते ऐकतात हा शोध त्याने कधी लावला देव जाणे. अकरा वर्षांत तिला तरी तो लागला नव्हता.

घरची कंपनी म्हणजे एक विमान, एक हँगर, हँगरला चिकटलेलं एक ऑफिस आणि ही तीन माणसं. डोंगरापलीकडच्या खाणींवर यंत्रांचे सुटे भाग पोचवायचे, हा धंदा. मामंजींनी तो एकट्याने उभा केला होता. थोरला मुलगा आणि थोरली सून कधीचे परदेशी गेले. दोन वर्षांमागे डॉक्टरांनी मामंजींचं हृदय तपासलं, मान हलवली, आणि त्यांचं उडवायचं लायसन्स बंद झालं. तेव्हापासून डाव्या सीटवर धाकटी आणि उजव्या सीटवर मामंजी. ती सीट एक दिवसही रिकामी राहिली नाही. सर्दी झालेली असली तरी मफलर गुंडाळून ते येत. कोपराला कोपर लागेल एवढी ती जागा, आणि तिचं प्रत्येक चढणं-उतरणं शेजारून श्वास रोखून बघितलं जाई. मामंजी वाईट नव्हते, उलट फार चांगले होते, आणि चांगल्या माणसाला सोडून जाणं किती अवघड असतं ते अडकलेल्यालाच कळतं. ती गेली की उजव्या सीटवरचा माणूसही जमिनीवर येणार होता. परक्या पायलटशेजारी ते मेले तरी बसले नसते.

त्या दोघांचं एकाच गोष्टीवरून उघड भांडण झालं होतं, ते मॉनिटरवरून. तिने हट्टाने समोरच्या फळीत तो वीतभर पडदा बसवून घेतला. इंजिनाच्या सहा सिलिंडरांचे सहा उभे पट्टे त्यात दिसतात, कोण किती तापलंय ते कळतं. तासाला किती पेट्रोल जातंय आणि किती उरलंय याचे आकडे दिसतात. शिवाय प्रत्येक उड्डाणाची क्षणाक्षणाची नोंद आत साठते, ती नंतर कॉम्प्युटरवर रेषा-रेषांनी बघता येते. मामंजींनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव चुगलखोर ठेवलं. "घरात चुगल्या करायला माणसं कमी पडत होती का," असं ते म्हणाले, आणि टाक्यांच्या जुन्या सुयांचे काटे रुमालाने पुसून लख्ख केले, जणू त्यांचा अपमान झाला होता.

हा चुगलखोर चालू झाला की पहिल्यांदा एक प्रश्न विचारतो. टाक्या भरल्या? खाली दोन बटणं, हो आणि नाही. हो म्हटलं की तो पूर्ण टाक्यांचा आकडा धरून चालतो. कारण टाकीत डोकावायला त्याला डोळे नाहीत. पेट्रोलच्या नळीत एक इवलंसं चाक फिरत असतं, तेवढंच त्याचं जग. किती गेलं ते तो मोजतो आणि आपण सांगितलेल्या आकड्यातून वजा करत बसतो. आपण खोटं सांगितलं तर तो खोट्यातून खरं वजा करतो, आणि उत्तर मात्र एकदम ठसठशीत दाखवतो.

आता ह्या घरची बोली. ती काही जगावेगळी नव्हती, तुमच्याआमच्या घरात चालते तशीच. जे अजून व्हायचंय ते बोलण्यात आधीच होऊन गेलेलं असतं. नवरा टॉवेल शोधत असतो तेव्हा फोनवर सांगतो, "निघालोच." जो "आलोच" म्हणतो तो हमखास चपला शोधत असतो. "झालंच" म्हणजे अजून सुरुवात नाही. नुसतं "झालं" म्हणजे होईल बहुतेक. आणि "बघू" म्हणजे नाही. धाकटी ही बोली माहेरूनच शिकून आली होती, त्यामुळे तिला कधी त्रास झाला नाही. "बाबांना सांगितलंस का?" असं नवऱ्याने विचारलं की तीही म्हणायची, "सांगितलंच समज."

त्या सकाळी ती हँगरवर पोचली तेव्हा मामंजी विमानाला हात लावून उभे होते. लायसन्स गेल्यापासून सकाळची तयारी त्यांच्याकडे होती. टाकीचं झाकण उघडायचं, मापाची लाकडी दांडी आत बुडवायची, पेट्रोल भरून घ्यायचं.

"झालं, मामंजी?"

"झालं."

तिने आत बसून पडद्याकडे बघितलं. टाक्या पूर्ण भरलेल्या असाव्यात तसा दोनशे ऐंशी लिटरचा आकडा. नियम सांगतो की दांडी पायलटनेच बुडवून बघायची, आणि तो नियम तिला पाठ होता. पण मामंजींच्या मागे दांडी बुडवणं म्हणजे सासूने निवडलेले तांदूळ सुनेने तिच्यादेखत पुन्हा निवडायला घेणं. पहिल्या महिन्यात तिने एकदा तसं केलं होतं. मामंजी काही बोलले नाहीत, फक्त दोन दिवस जेवताना मीठ मागेनासे झाले. तेव्हापासून तिने ते सोडलं.

जाताना सांगायचं राहून गेलं. तिने तोंड उघडलं की मामंजी खालची एखादी खाण दाखवत आणि तिथल्या कुठल्यातरी जुन्या मॅनेजरची गोष्ट काढत. दरीतल्या धावपट्टीवर उतरून खोकी दिली, तोवर डोंगराच्या माथ्यावर ढग बसायला लागला होता. त्या धावपट्टीवर पेट्रोल मिळत नाही आणि ढग आला की ती डोळेच मिटून घेते, म्हणून दोघं पाणीसुद्धा न पिता परत निघाले. वर चढल्यावर सगळीकडे पांढरं, मधूनमधून खाली जंगल. घर अजून तासाभरावर. तिने मनाशी म्हटलं, आता.

"मामंजी, मला तुमच्याशी जरा—"

टक टक. मामंजी डाव्या टाकीच्या सुईच्या काचेवर बोटाने मारत होते.

"ही खाली आलीय," ते म्हणाले.

"ती कधी वर होती?" धाकटी म्हणाली. ही त्यांच्यातली जुनी थट्टा. सुया म्हाताऱ्या झाल्यात, वाटेल ते बोलतात, असं ती म्हणायची.

"वळताना खाली जाते ते ठीक. आपण सरळ चाललोय. आणि उजवीही तशीच."

तिने मॉनिटरकडे बघितलं. एकशे पासष्ट लिटर. तीन तास आरामात. पुन्हा सुयांकडे बघितलं. दोन्ही सुया तळाशी लोळायला टेकल्या होत्या. एक सुई खोटं बोलली असती तर तिने मनावर घेतलं नसतं. पण आयुष्यभर एकमेकींशी न पटलेल्या त्या दोघी आज एकच सांगत होत्या.

काल संध्याकाळी परत आले तेव्हा पेट्रोलचा टँकर बंद पडला होता. उद्या सकाळी भरू असं ठरवून सगळे घरी गेले होते. हे तिला आता आठवलं. तिने मॉनिटरमधली कालच्या उड्डाणाची नोंद काढली. काल निघताना टाक्या पूर्ण होत्या, आणि त्यातलं एकशे दहा लिटर जळलं होतं.

"मामंजी, सकाळी टाक्या भरताना तुम्ही तिथेच होतात ना?"

"होतो की."

"दांडी बुडवून बघितलीत?"

ते म्हणाले, "टँकरवाला टँकर चालू करतच होता. लांबून म्हणाला, दादा, तुम्ही तुमचं उरका, भरलंच समजा."

"मग?"

"मग मी समजलो."

"आणि ते बटण?"

"ते लुकलुकत होतं डोळ्यांपुढे. एकदा हो म्हटलं की गप्प बसतं. म्हटलं, आता भरणारच आहे." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "तेवढ्यात फोन आला. मी बोलत बोलत मागच्या दारापर्यंत गेलो. तो टँकर घेऊन आला, तेव्हा मीच त्याला हाताने नंतर म्हटलं. आणि मग विसरलो."

"कुणाचा एवढा फोन?"

मामंजींनी पुन्हा सुईच्या काचेवर बोट मारलं.

धाकटीला राग आला. इतका की तो कुठे ठेवावा तेच कळेना. घरी असती तर तिने स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली असती, दोन ताटं, एक पातेलं, आणि मग परत आली असती. इथे आपटायला काही नव्हतं. हात दांड्यांवर, पाय पेडलवर, कोपराला सासऱ्याचं कोपर. आणि रागाच्या मुळाशी गेलं तर तिथे तीच बसलेली. पायलट ती होती. दांडी तिने बुडवायची होती. मीठ न मागण्याला ती घाबरली होती.

पडद्यावरच्या एकशे पासष्टातून कालचे एकशे दहा गेले की पंचावन्न उरतात. तासाला पन्नास जात होते. समोरच्या वाऱ्यामुळे घर तासाभराहून जरा जास्तच. हिशेब काठोकाठ जमत होता, आणि काठोकाठच्या हिशेबावर विमान उतरवत नाहीत. मागे वळावं तर दरी ढगाने भरलेली. मध्ये डोंगर आणि जंगल, उतरायला हाताएवढी मोकळी जागा नाही. वर आकाश एवढं मोठं, आणि त्यात त्यांना जायला एकच वाट होती.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," मामंजी पुटपुटले. ते तिला बोलत नव्हते, स्वतःलाच बोलत होते.

"आडात थोडं आहे," ती म्हणाली. "पोहरा हळू ओढू."

तिने मिक्श्चरच्या लाल दांड्याला हात घातला. हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते हा दांडा ठरवतो. मामंजी जन्मभर तो पुढे ढकलून ठेवत आले होते, भरपूर पेट्रोल, कारण इंजिनाला उपाशी ठेवू नये असं त्यांचं मत. दोन वर्षं धाकटीही त्यांच्या देखत तसंच उडवत होती. कमी पेट्रोलवर इंजिन सुखाने चालतं हे तिला नोंदींवरून ठाऊक होतं, पण उजव्या सीटवर माणूस बसलेला असताना ते सिद्ध करायला जाणं म्हणजे घरात शीतयुद्ध.

तिने दांडा मागे ओढायला सुरुवात केली.

"तापेल," मामंजी म्हणाले.

"आधी तापेल. मग उतरेल. बघा तुम्ही."

सहा पट्टे वर चढायला लागले. सहा भावंडांचा स्वभाव सारखा नसतो तसं त्यांचंही. चौथा आधी तापला, टोकाला गेला आणि खाली यायला लागला. मग पहिला, मग सहावा. दुसरा शेवटपर्यंत हटून बसला होता, तोही अखेर टोकाला जाऊन उतरला. इंजिनाचा आवाज बारीक झाला, विमानाच्या अंगात किंचित थरथर आली. मामंजींनी दाराची मूठ धरली. पण सगळे पट्टे उतरले होते आणि तासाचा आकडा पन्नासावरून छत्तिसावर आला होता. वेग थोडा गेला, पेट्रोल खूप वाचलं.

"किती उरलंय ते हा सांगू शकत नाही," ती म्हणाली. "पण किती जातंय ते पक्कं सांगतो. त्यात खोट नाही."

मामंजी त्या छत्तिसाकडे बराच वेळ बघत राहिले. "एवढ्यावर चालतं?" ते म्हणाले.

"चालतं."

"मग आधी का नाही बोललीस?"

यावर काय बोलणार? तिने पुन्हा सहा पट्ट्यांवर नजर टाकली.

आता दुसरी अडचण. पंचावन्न लिटर दोन टाक्यांत मिळून होतं, पण कोणत्या टाकीत किती हे यंत्रालाही ठाऊक नव्हतं, सुयांनाही नाही. उतरायच्या वेळी, जमीन जवळ आलेली असताना, चालू टाकी आटली तर टाकी बदलायलाही वेळ मिळत नाही. त्यावर उपाय एकच, आणि तो ऐकायलाही बरा नाही. वर उंचावर असतानाच डावी टाकी शेवटच्या थेंबापर्यंत जाळायची, इंजिन गुदमरू द्यायचं, आणि मग उजवीवर जायचं. म्हणजे उरलंय ते सगळं एकाच टाकीत आहे हे तरी नक्की होतं.

"मी चाळीस वर्षांत टाकी कोरडी केलेली नाही," मामंजी म्हणाले.

"मीही नाही."

टाकी बदलायची मूठ दोन सीटांच्या मध्ये खाली होती. तिने त्यांना सांगितलं, "मूठ तुम्ही धरा. तासाचा हा आकडा शून्याकडे पळाला की मी आता म्हणेन, तेव्हा उजवीकडे फिरवायची. पंप मी लावते."

दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या विमानात त्यांना कुणी काम दिलं होतं. ते वाकले आणि मूठ धरून तसेच बसून राहिले. मग वाट बघणं. आपण होऊन इंजिन बंद पडायची वाट बघत बसणं, याच्याइतकं कोंडल्यासारखं दुसरं काही नसेल. खिडकीबाहेर पांढरं. आत दोन माणसं आणि एक आकडा. आकडा छत्तीस. आकडा पस्तीस, की पुन्हा छत्तीस. दर वेळी तिचा हात पंपाच्या बटणाकडे जाई आणि परत येई.

"त्यांचा होता फोन," मामंजी एकदम म्हणाले.

"कुणाचा?"

"तुझ्या नव्या कंपनीचा. तू त्यांना इथला नंबर दिलायस ना, चौकशीसाठी." ते वाकलेलेच होते, त्यामुळे त्यांचा चेहरा दिसत नव्हता. "विचारत होते, बाई कशी आहे म्हणून."

धाकटीचे कान तापले. हेच चार शब्द ती महिनाभर तोंडात घोळवत होती, आणि ते त्यांना परक्याच्या तोंडून कळले होते, सकाळी, हँगरच्या मागच्या दाराशी उभं असताना. तिला रडू यायला हवं होतं, पण त्यालाही तिथे जागा नव्हती.

"काय सांगितलंत तुम्ही?"

"खरं तेच सांगितलं. पायलट उत्तम आहे म्हटलं. स्वतः तपासल्याशिवाय विमान जागेवरून हलवत नाही."

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"ते खूश झाले," मामंजी म्हणाले. "म्हणाले, मग आमच्याकडे आलीच समजा. मी म्हटलं, मी नाही समजणार. ती मला स्वतः सांगेल तेव्हा—"

आकडा तीस झाला. वीस. नऊ.

"आता!"

मूठ हलली नाही. जुनी मूठ, जुना हात. इंजिनाने एक ठसका घेतला आणि मग ते एकदम गप्प झालं, आणि त्या शांततेत वारा ऐकू आला, जो इतका वेळ बाहेर होताच. धाकटीने डाव्या हातात विमान धरलं, पंप लावून उजवा हात खाली घातला, तो मामंजींच्या हातावर पडला. दोघांनी मिळून मूठ फिरवली. खट्. काही नाही. अजूनही काही नाही. मग पडद्यावरचा आकडा उडी मारून वर गेला, इंजिन खोकलं, आणि चालू झालं.

दोघांचे हात तसेच राहिले. तिने आधी काढला.

मग मामंजी सरळ बसले, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "सांग की आता."

"उतरल्यावर सांगते."

"म्हणजे बघू."

"नाही मामंजी, बघू नाही. उतरल्यावर."

घरच्या धावपट्टीवर ढगाला मोठं भोक पडलं होतं. तिने उंची शेवटपर्यंत सोडली नाही, एकदाच वळली आणि सरळ येऊन टेकली. हँगरपुढे इंजिन बंद केल्यावर मामंजी आधी खाली उतरले, शिडी लावली आणि दांडी घेऊन स्वतःच पंखावर चढले. उजव्या टाकीतून दांडी बाहेर आली तेव्हा तिचं टोक जेमतेम दोन बोटं ओलं होतं. ते ओलं टोक त्यांनी धाकटीला दाखवलं आणि दांडी वाळेपर्यंत ती हातात धरून उभे राहिले.

टँकरवाला लांबूनच हसत आला. "दादा, सकाळी राहिलंच की. आता लगेच टाकतो, भरलंच समजा."

"मी काही समजत नाही," मामंजी म्हणाले. "भर. मग सांग."

तो बिचारा बघतच राहिला. त्याला वाटलं दादांची तब्येत बिघडली.

ऑफिसात नवरा चहा सांगायला म्हणून उठला, आलोच म्हणाला आणि गेला तो गेलाच. वाऱ्यावरूनच त्याला कळलं असणार. धाकटीने मॉनिटरमधली नोंद कॉम्प्युटरवर काढली. एरवी मामंजी अशा वेळी वर्तमानपत्र उघडत. आज खुर्ची ओढून शेजारी बसले, पुन्हा कोपराला कोपर. पडद्यावर पेट्रोलची रेषा गेली होती. आधी उंच, मग तिने दांडा ओढला तिथे खाली आलेली, आणि पुढे एका ठिकाणी सुई टोचल्यासारखा एक बारीक खड्डा.

मामंजींनी त्या खड्ड्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"टाकी संपली ते."

"एवढंसंच?"

"एवढंसंच."

"मला फार मोठं वाटलं," ते म्हणाले. मग बोट त्यांनी खड्ड्याच्या जरा अलीकडे सरकवलं, जिथे रेषा सपाट होती. "आणि इथे आपण बोललो ते?"

"ते नाही लिहीत तो."

"मग चुगलखोर कसला." त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. "बरं. उतरलोय आपण. मी काय समजू? गेलीस तू?"

अकरा वर्षांत तिने त्या घरात कितीतरी गोष्टी झाल्याच म्हणून सांगितल्या होत्या. आताही म्हणता आलं असतं, तुमच्यावाचून कुठे जातेय मी. किंवा म्हणता आलं असतं, गेलेच समजा, आणि हसून विषय संपवता आला असता. तिने दोन्ही गिळलं.

"नाही मामंजी. अजून गेले नाही," ती म्हणाली. "जाणार आहे. पहिल्या तारखेला."

मामंजींनी मान हलवली. एकदा हलवली, मग थांबून पुन्हा हलवली. बाहेर टँकरचा पंप चालू झाल्याचा आवाज येत होता.

"जाणार आहेस," ते म्हणाले. शब्द बरोबर बसतो का बघावं तसं. "तोवर सकाळी माझ्यानंतर दांडी तू बुडवायचीस. रोज."

"हो."

"मी मीठ मागेन."

तिला हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं, आणि इथे त्याला जागा होती.

"आणि नंतर?" तिने विचारलं. "विमानाचं?"

"विमान काय, विकलंच सम—"

ते मध्येच थांबले. खिडकीतून विमान दिसत होतं, पंखावर टँकरवाला वाकलेला, खाली उजव्या सीटचं दार अजून उघडंच.

"विकणार आहे," मामंजी म्हणाले. "अजून विकलं नाही."